ओढ्यावरचं छप्पर

अम्मानच्या जुन्या पेठेत एक रस्ता आहे,
त्याला अजून ओढ्याचं छप्परच म्हणतात.
खाली ओढा. वर टॅक्स्या, वेलचीची कॉफी
आणि घस्सूबचे जुने कोट,
कुठल्या कुठल्या परक्या खांद्यांच्या मापाचे,
तीन दिनारला एक.

बुधवारी नगरपालिकेनं रस्ता फोडला.
खड्ड्याभोवती गर्दी. गर्दीत चेर्केस म्हातारी जानसेत,
हातात पुदिन्याची जुडी.
"इथं दगडावर आई गालिचे आपटायची,
आणि मासे माझ्या पायांना लुचायचे."

मजूर हसले. मासे म्हणे!
वास तर असा, की घस्सूबनं नाकाला बाही लावली
विकायच्या कोटाची.

ती वाकली. कान खाली केला,
दाराआडच्या आजाऱ्याची चाहूल घ्यावी तसा.
मशीन बंद करा रे, कुणीतरी ओरडलं.
केलं.

कितीतरी वेळ काहीच नाही.
मग उठली, गुडघे झटकले.
"आहे," एवढंच म्हणाली,
अर्धी जुडी जवळच्या मजुराच्या हातात कोंबली
आणि टेकडीच्या पायऱ्या चढू लागली,
दर सातव्या पायरीला थांबत.

संध्याकाळी डांबर पडलं.
घस्सूब हल्ली त्या जागी
कोटांचं गाठोडं आपटत नाही,
टेकवतो.