पंच्याहत्तर टक्के

लातूरला बुधवारी तपासणी असते.
पहाटेची एसटी, शिरूर ताजबंदला बदलायची.
बसवराज खिडकीची काच चाटत होता,
मी पदरानं पुसत होते.
ही तिसरी फेरी. पहिलीला डॉक्टर रजेवर,
दुसरीला सर्व्हर बसलेला,
तिसरीला सगळे जागेवर आणि बसू झोपलेला.
उठवा म्हणाले. उठवलं.
लाकडी ठोकळे दिले, त्यानं त्यांची रांग लावली,
रांगेकडं बघून हसला.
डॉक्टरनं रांग बघितली नाही. आकडा लिहिला.

गोदाकाकूनं कागद आधी उलटा धरला, मग सुलटा.
"पंच्याहत्तर! अगं, तुमच्या घरात एवढे
कुणाला पडले होते का आजवर?"
मी चहा टाकला. साखर जास्त पडली.
खरंच कुणाला पडले नव्हते.
मला आठवीला एकावन्न,
त्याचा बाप दहावीला तीनदा पस्तिसाच्या अलीकडं.
काकूला कसं सांगावं,
हे टक्के वजा करायचे असतात.

शाळेत खिचडी मीच करते.
एकशे बारा लेकरांची, बसू धरून एकशे तेरा.
धुरातून तिसरीचा वर्ग दिसतो.
त्याची जागा दारापाशी. गुरुजी म्हणतात, उजेड चांगला येतो तिथं.
हजेरीला त्याचं नाव आलं
की सगळी पोरं एका सुरात त्याच्या वतीनं
हजर म्हणतात.
वाईट मनानं नाही. सवयीनं.

एकदा मी भांडले.
मोठे गुरुजी म्हणाले, उदगीरला खास शाळा आहे, वसतिगृह आहे.
मी म्हणाले, उदगीरला माझी चूल आहे का?
ते चष्मा पुसत बसले.
मग म्हणाले, अर्ज द्या.
दिला. कोपऱ्यात आवक क्रमांक पडला,
चारशे सत्तावीस.
दुसरं काही आलं नाही, क्रमांक तेवढा पाठ झाला.

खंडागळे मॅडम गुरुवारी येतात.
म्हणजे येतात तेव्हा गुरुवार असतो.
एकवीस शाळा, एक स्कूटी, अकरा महिन्यांचा करार,
आणि मागच्या दिवाळीचं पेट्रोलचं बिल
गटसाधन केंद्रातल्या फायलीत.
बसूच्या उंचीला येऊन, मांडी घालून बसतात.
त्याच्या नावाचा आराखडा केला, माझी सही घेतली:
उद्दिष्ट – शर्टाची बटणं स्वतः लावणे.
कालावधी – तीन महिने.
मला हसू आलं. मग गेलं.
त्याच्या जोडीची पोरं बाराच्या पाढ्याला आलीत.

पहिल्या गुरुवारी वरचं बटण.
मग मॅडमला कसली तरी माहिती भरायला बसवलं,
चार गुरुवार कोरडे गेले.
मी उशीच्या खोळीला सात बटणं शिवली,
बहिणीच्या फाटक्या स्वेटरची, मोठी मोठी.
तांदूळ शिजेस्तोवर चुलीपुढं आम्ही दोघं:
बोटानं ढकल. आता इकडून ओढ.
त्यानं एक तोडून तोंडात घातलं.
काढलं, धुतलं, परत शिवलं.
ढकल. ओढ.
उन्हाळा गेला. खोळ मळली.

सोमवार होता. डाळ ओतून पळी फिरवत होते,
तर दारात बसू.
सदरा बापाचा कापून केलेला,
बटणं सगळी लावलेली,
सगळी एक एक घर चुकलेली.
एकीकडची कॉलर कानाला टेकलेली,
एकीकडं पोट उघडं.
कुणी लावून दिली नव्हती. मी विचारलं सगळ्यांना.

नीट करायला हात पुढं गेला
आणि तिथंच राहिला.
मॅडमना फोन लावावा म्हटलं, तर रेंज नव्हती.
तो उभा, मी उभी,
हातात पळी.

त्या दिवशी अख्ख्या शाळेनं
करपलेली खिचडी खाल्ली.