सहीचा बुधवार

फेब्रुवारीतला पहिला बुधवार.
बियाण्याच्या दुकानात आज बियाणं कुणालाच नकोय.
हीटरभोवती पाच खुर्च्या, सहावी बैठक
सोयाबीनच्या पोत्यांची,
बाबांच्या कानामागे पिवळी पेन्सिल.
मी गल्ल्यामागे. हिशेब लिहितेय असं दाखवत.

यंदा तेवीस पोरं.
"केड्रिक बून. टॅकल. सहा फूट पाच,
तीनशे दहा पौंड. जॉर्जियाचा."
"वजन आहे," डेल्मर म्हणतो, "पण कंबर ताठ.
लाइनवर जो वाकत नाही
त्याच्या मागचा क्वार्टरबॅक मेला म्हणून समज."
डेल्मरची स्वतःची कंबर
ब्याण्णव सालापासून वाकलेली नाही.

पोराचे पाय पाळण्यात दिसतात,
विल्माबाईंना ते फोनमध्ये दिसतात.
तीस वर्षं बीजगणित शिकवलेलं बोट
तेच सहा सेकंद मागे ओढतं, पुन्हा ओढतं.
"चेंडू नका बघू. पाय बघा.
हा डावीकडे निघण्याआधी उजवीकडे खोटं बोलतो.
घ्या याला."
घ्या म्हणे. जसं काही कोच
दाराबाहेर टोपी हातात धरून उभाय.

मग त्या क्वार्टरबॅकचा विषय,
जो निघायलाच नको होता.
दोन वर्षं आमचा होता तो.
त्याच्या आईनं आमच्या रंगाचा स्वेटरसुद्धा घेतला होता.
काल टेबलावर तीन टोप्या मांडल्या,
हात आमच्या टोपीपर्यंत आला, थांबला,
मग पलीकडची उचलली
आणि घातली आम्हाला.
अर्ल इतकंच म्हणाला, "सतरा वर्षांचं पोर आहे."
त्यानंतर बराच वेळ
कुणी त्याला कॉफी विचारली नाही.

बाबा पेन्सिल ओली करतात जिभेनं.
वर्गाला एकूण: बी मायनस.
विल्माबाई: "बी. मायनस कशाचा?"
बाजारात तुरी, आणि इथे
पोत्यांवरून हाणामारी.

तेवढ्यात दाराची घंटा.
लॅमॉन्ट टिस्डेल, तपकिरी गणवेश,
खांद्यावर पार्सल, डाव्या पायावर
किंचित कमी भार.
सगळे गप्प. हीटर एकटाच बोलत राहिला.

खालच्या खणात जुनी कॅलेंडरं आहेत,
प्रत्येकाच्या पाठीवर एकेक वर्ग.
पंधरा वर्षांपूर्वीचं मला पाठ आहे:
टिस्डेल, एल., रनिंग बॅक, चार स्टार,
पुढे बाबांच्या अक्षरात
"हा मुलगा आपल्याला वर नेईल", खाली दोन रेघा.
त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये
याच्या सहीला गावानं उभं राहून टाळ्या दिल्या होत्या.
मीही. हात लाल होईपर्यंत.

"इथे सही करा, मिस्टर स्टबलफील्ड."
बाबा त्या काचेवर बोट फिरवतात,
नाव धड उमटत नाही,
एक वाकडी रेघ उमटते.
"चालेल," लॅमॉन्ट म्हणतो. "चालते."

मग यादीकडे बघतो. उलटीच वाचतो, सवयीनं.
"हा बून. गाव किती लांब याचं?"
उंची होती. वजन होतं.
चाळीस यार्ड किती सेकंदांत, हाताचा पंजा किती इंच,
बसल्या जागी उडी किती, सगळं होतं.
पाच जण कागदावर वाकले.
डेल्मरसुद्धा.
"नऊ तास असेल," विल्माबाई म्हणाल्या, अंदाजे,
ज्या कधी अंदाजे काही बोलत नाहीत.
"हं," लॅमॉन्ट म्हणाला.
पार्सल ठेवलं. गाडी चालूच होती बाहेर.

काचेतून तो जाईपर्यंत बघून
डेल्मर म्हणाला, "तो एक ऑक्टोबर मात्र..."
अर्ल म्हणाला, "तो ऑक्टोबर."
एवढंच. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी पार्सल फोडलं नाही.
बी मायनसवर पेन्सिल टेकवून बसले थोडा वेळ,
मायनस खोडला नाही, गडदही केला नाही.
मग चष्मा वर सरकवला:
"पुढचा. किकर. मिसूरीचा.
याला कुणी बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं.