पाण्याचा अडथळा

पहिल्या दिवशी शिस्त.
पांढऱ्या पट्ट्यांचा लांबट चौकोन, कडेला इंग्रजी अक्षरं,
कुठल्याच शाळेत न शिकवलेल्या क्रमानं:
ए, के, ई, एच, सी.
घरच्या फरशीवर चालून चालून मी तो पाठ केला होता.
सासूबाई म्हणाल्या, चक्कर येईल अशानं.

लाउडस्पीकर म्हणाला, उज्ज्वला गांगुर्डे, घोडी टिटवी.
माळावरची खरी टिटवी
नेमकी तेव्हाच ओरडायला लागली.
माझ्या टिटवीचे कान मागे, पुढे, मागे.
सरळ रेषेवर आम्ही दोघी जरा तिरक्या.
परीक्षकांच्या गाडीत कुणीतरी थर्मासातून चहा ओतत होतं.
एकोणिसात चौदाव्या.

पुण्याच्या रेसकोर्सनं काढून टाकलेली ती,
चार शर्यती, कमाई शून्य,
पुढच्या उजव्या पायाला जुनी गाठ.
मी नोट प्रेसमध्ये, तपासणीला.
दिवसभर कोऱ्या नोटांमधला डाग शोधायचा,
सापडला की नोट बाजूला.
तिला घेताना मला गाठ दिसली होती.
मुनाफचाचानं ती बोटांनी चाचपली. म्हणाला,
गाठ आहे बाई, पण घोडी लंगडत नाही.
एवढ्यावर सौदा.

दुसऱ्या दिवशी माळरान.
थंडीसाठी द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून खाली रेंगाळत होता.
बैलगाडीचा सांगाडा, क्रेटची उतरंड, चर,
ओंडका, पुन्हा चर.
मी पावलं मोजत होते, नोटा मोजाव्यात तशी,
आणि पाचव्या उडीनंतर मोजणं सुटलं.
त्रेचाळिसाव्या वर्षी
माझ्या तोंडून हा आवाज कुठला निघतोय?

मग पाणी.
गुडघाभर, धरणातून टँकरनं आणून ओतलेलं,
मुरूम ढवळून चहासारखं झालेलं.
ती थांबली.
वीस गुण गेले.
वळवलं, लांबून आणलं, टाच लावली.
ती काठावर आली, मान खाली घातली
आणि पाण्याचा वास घेतला.
आणखी चाळीस.
तिसरा नकार म्हणजे शिट्टी, म्हणजे घरी.

खरं सांगते, चाबूक हातात होता.
दोरीपलीकडे मुनाफचाचा. त्याला बोलायला बंदी.
पण त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या,
जणू त्यालाच उतरायचं होतं.
मी लगाम सैल सोडला, तिला चालत आणलं.
ती घाबरलेली नव्हती.
तिला तळ दिसत नव्हता, एवढंच.
मलाही दिसत नव्हता.
एक खूर.
मग क्षणभर काहीच नाही.
मग बुटात थंडगार पाणी,
आणि भेळेच्या गाडीवरचा कुणी ओरडला,
न्हालं गं बाई, गंगेत घोडं न्हालं!
सगळे हसले.
आमच्याकडे गोदेला गंगाच म्हणतात,
तेव्हा तो थापा मारत नव्हता.

रात्रभर बर्फ. बादलीत तिचा पाय,
बादलीशेजारी चाचा, चाचाशेजारी मी.
घोडामैदान जवळच आहे, असं म्हणतात लोक.
त्यांनी कधी घोडीच्या पायावर
पहाटेपर्यंत हात ठेवलेला नसतो.

तिसऱ्या दिवशी उड्यांआधी डॉक्टर.
कडक पट्टीवर तिला पळवत नेलं, पळवत आणलं.
ते तिच्या पायांकडे बघत होते,
मी नोटेकडे बघते तसे.
त्यांना गाठ दिसली.
त्यांना दिसलेली मला दिसली.
पुन्हा पळवा, म्हणाले.
पुन्हा पळवली.
कागदावर काहीतरी लिहिलं, पेन झटकलं, परत लिहिलं.
चालेल.

नंतरच्या उड्यांचं फार काही आठवत नाही.
दोन दांड्या पडल्या. सतराव्या आलो.
चाचानं जिलेबी आणली, तीसुद्धा तिनंच खाल्ली.

सोमवारी प्रेसच्या गेटवर झडती.
खिशात काय आहे?
मी काढून दाखवला,
तांबूस केस चिकटलेला गुळाचा खडा.
बाईंनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला
आणि
जाऊ दिलं.