सहा दशांश स्थळं

क्रॉयडनच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली ट्राम कुरकुरत वळते तिथं,
मी पाण्याचा पत्ता लिहिते.
अक्षांश, रेखांश,
दशांशचिन्हापुढे सहा आकडे,
वीतभरही चूक नको.

पंपघर क्रमांक चार. निळं दार.
छपरावर संस्थेचं चिन्ह, पाच मीटर बाय पाच,
गेल्या महिन्यात पुन्हा रंगवलेलं,
कारण धूळ साचून ते विमानांना दिसेनासं झालं होतं.

हा एकच कागद मी दोन्ही सैन्यांना धाडते.
एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं.
हे मी एकदा मॉर्वेनाला सांगायला गेले,
तिला वाटलं, शत्रूचा चेहरा लाटेत दिसतो म्हणून
ते वाकून बघत असतील.
म्हटलं, बघू देत.
बघण्यावर भागलं तर बरंच.

याकूबचा रोज एकच प्रश्न: बेअरिंग आलं?
बेअरिंग नाक्यावर आहे. एकोणीस दिवस.
नाक्यावरचा अधिकारी म्हणतो, हे रणगाड्यालाही बसेल.
मी पत्र लिहिते: आतला व्यास पासष्ट मिलिमीटर,
हे फक्त पाणी वर चढवतं,
दुसरं काही याला येत नाही.
क्लोरीनसाठीचं पत्र वेगळं. ते चार पानी आहे.

शेवटी दोन तास मिळाले.
मंगळवारी, दहा ते बारा, कुणी गोळी झाडायची नाही.
सगळं ठरल्यावर याकूबनं कळवलं
की दोन्हीकडची घड्याळं तासाभरानं वेगळी आहेत,
लढाईच्या दुसऱ्या वर्षापासून.
म्हणजे दोघांच्या हिशेबात बसणारा
एकच तास.

तो तास मी पँट्रीत काढला.
केटलीच्या तळाशी चुन्याचा पांढरा थर,
नळावर कुणाचीशी चिठ्ठी: नीट बंद करा.
मी नीट बंद केला.
पुन्हा उघडून पाहिला.
पाणी आलं, न विचारता,
कुणाच्याही सहीशिवाय.

एक गोष्ट मी कुठल्याच अहवालात लिहिलेली नाही.
तीन नंबरच्या पंपघराचा पत्ताही माझाच होता.
तोही अचूक होता.
नंतर आलेल्या फोटोत खड्डा
बरोबर माझ्या सहाव्या आकड्यावर.
त्यांनी वाचला नव्हता, की नीट वाचला होता,
हे विचारायचा फॉर्म आमच्याकडे नाही.

बाराला दहा कमी असताना याकूबचा आवाज आला,
नऊ सेकंदांचा. त्यात तो बोलतच नाही.
मोटार घरघरते,
मग पाइपात अडकलेली हवा,
मग पाणी, थांबत, धक्के देत.
मॉर्वेनानं विचारलं, हा कसला आवाज?
पाण्याला उचकी लागलीय, म्हटलं.
आमच्याकडे म्हणतात,
कुणीतरी आठवण काढली की लागते.

ती हसली नाही. खुर्ची ओढून जवळ बसली.
आम्ही ते पुन्हा ऐकलं.
मग मी पाच नंबरची फाइल उघडली.