वीस मार्क

कोत्का बंदरापासून दोन गल्ल्या आत
रेइयो हेइक्किलाचं दुकान होतं.
आता तिथे केस कापतात.
माल मात्र त्याच्या तळघरात, बटाट्यांच्या शेजारी,
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला.

तेरा खोके. खेळ एकच :
पत्रं वाटत फिरणारा पेंग्विन,
जो तिसऱ्या पुलावरून हमखास पाण्यात पडायचा
आणि बुडायचा.
पेंग्विन, आणि बुडायचा!
पोरांनी नाकं मुरडली.
एक्क्याण्णवच्या नाताळासाठी चाळीस मागवले होते,
त्याच हिवाळ्यात पूर्वेची जहाजं यायची थांबली,
कागदाच्या गिरणीने माणसं घरी बसवली,
आणि ज्यांचं काम टिकलं
त्यांनीही मुलांना मोजेच घेतले.

मी हातमोजे चढवले.
तो म्हणाला, डॉक्टर का तुम्ही?
म्हटलं, जवळपास.
टॉर्च तिरका धरून मी प्लास्टिक वाचतो :
शिवण कुठे मिळते, कोपरा दबलाय का,
वितळवून पुन्हा कुणी चिकटवलंय का.
आत काय आहे ते पाहत नाही.
आतली बॅटरी कधीच मेली असेल,
चिप गंजली असेल,
कुणी सांगावं, आत विटकरीचा तुकडाही असेल.
आमच्या धंद्यात झाकली मूठच सव्वा लाखाची.
उघडली की दोघांच्या जेवणाचे पैसे,
कॉफी धरून.

पण प्रत्येक खोक्यावर चिकट्या होत्या.
एकावर एक, चार थर.
२७९. त्यावर १७९. त्यावर ७०. त्यावर २०.
निळ्या बॉलपेनने. सातच्या कमरेला आडवी रेघ.
‘केर्त्तूचं अक्षर,’ तो म्हणाला.
‘दर सोमवारी बसायची लिहायला.’
आणि मग, जणू मी विचारलं होतं :
‘अकरा वर्षं झाली.’

मी हिशोब सांगितला.
चिकटीसकट अडीच हजार युरो. चिकटीविना आठ.
तो बराच वेळ बटाट्यांकडे बघत राहिला.
मग वर जाऊन हेअर ड्रायर घेऊन आला,
फिकट गुलाबी, वायरीवर चिकटपट्टी.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

मंद वारा, लांबून. नखाने नाही, कडेने.
पंचाहत्तरीच्या माणसाचा हात असा स्थिर
मी फक्त घड्याळवाल्यांचा पाहिलाय.
चिकट्या निघत गेल्या, तो त्या
रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यावर लावत गेला,
सरळ ओळीत. भाव वाढतील अशा बेताने.
बारा झाले.
बारा आठे शहाण्णव,
माझं कमिशन मी मनात आधीच खर्चून बसलो होतो.

तेराव्याला ड्रायर थोडा जवळ गेला.
प्लास्टिक आकसलं, आणि भोक पडलं.
नखाएवढं.
माझ्या तोंडून शिवी गेली, माफी मागायची राहून गेली.
गेले साडेसात हजार, फुस्सकन,
फुस्स असा आवाजही न होता.

त्याने ड्रायर बंद केला.
खोका उचलला, भोकाला नाक लावलं,
डोळे मिटून असा ओढला वास
जसा जत्रेत खरबूज घेताना घेतात.
म्हणाला, ‘दुकान.’
आणि माझ्यापुढे धरला.
मीही वाकलो. काय करणार.
मला बटाट्यांचा वास आला, आणि तापलेल्या धुळीचा.

मग पत्र्यावरची एक चिकटी काढून
त्याने ती भोकावर बसवली, अंगठ्याने दाबली.
‘हा घ्या. किंमत लिहिलेली आहे.’

मी पाकीट उघडून उभा राहिलो.
त्यात पन्नासाच्या, शंभराच्या नोटा होत्या,
सगळ्या युरोंच्या.
मार्क नव्हते माझ्याकडे.