फोटोत वास येत नाही

बावीस वर्षं या रस्त्यावर राहतेय मी,
क्लीव्हलँडच्या पूर्वेला, जिथे पोस्टमनसुद्धा
गाडीचं इंजिन चालू ठेवूनच उतरतो.
समोरचं घर तुझं होणार
हे तुझ्याआधी मला कळलं.
मार्चमध्ये एक पोरगा आला,
कोपरे धरून नीट फोटो काढले त्याने,
शेजारच्या जळक्या घराचा कठडा चौकटीबाहेर ठेवत.
माझ्या खिडकीतून काढ की, म्हटलं.
हसला. बाई, ऊन इकडूनच चांगलं येतं.

फोटोत वास येत नाही, मिस्टर कानेशिरो.
तळघरात घोटाभर साठणाऱ्या पाण्याचा येत नाही,
मांजर व्यायलेल्या गालिच्याचा येत नाही.
एकोणचाळीस हजार डॉलर,
महिन्याला साडेआठशे भाडं:
होनोलुलूत बसून तू भागाकार केलास
आणि तो बरोबर आला.
भागाकाराचं काय, तो नेहमीच बरोबर येतो.

लाट्रिस राहायला आली, दोन मुलं घेऊन.
हॉस्पिटलच्या धुलाईत रात्रपाळी.
धाकट्याला दमा.
पाच महिने तिने भाडं वेळेवर दिलं,
जानेवारीत तळघरातली भट्टी बंद पडली.
तिने मॅनेजरला फोन केला. मग पुन्हा केला.
तुझ्याकडे बिल आलं म्हणे, बत्तीसशेचं,
नवी भट्टी, मजुरीसकट.
कुणी आलं नव्हतं.
मी खिडकीतच असते, मला जायचं कुठे?
आंधळं दळत होतं साडेचार हजार मैलांवर
आणि पीठ खाणाऱ्याचा फोन सतत व्यस्त.

ओव्हनचं दार उघडं टाकून त्यासमोर निजायची तिघं.
मी रस्त्यापलीकडून वायर ओढून हीटर दिला,
एक ट्रक त्या वायरीवरून गेला तोवर चालला.
फेब्रुवारीत, रात्रीच, गेली ती.
किल्ली माझ्या कुंडीखाली.

मग व्हॅन आली. घाई नव्हती त्यांना.
भिंतीतले तांब्याचे पाइप
माशाचा काटा काढावा तसे अखंड काढले,
पाणी मात्र बंद करायचं राहिलं.
चौथ्या सकाळी तुझ्या घराच्या खिडक्यांतून
बर्फ बाहेर वाकून बघत होता.

जूनमध्ये तू आलास.
भाड्याची पांढरी गाडी, हातात नवे कोरे मोजे,
किमतीचं लेबल अजून लोंबतंय.
किती शिव्या जपून ठेवल्या होत्या तुझ्यासाठी!
आणि तू निघालास शाळेत गणित शिकवणारा,
डोळ्यांखाली सूज,
माझ्या पायरीवर बसून म्हणालास,
आईच्या विम्याचे पैसे होते.
मग, बराच वेळाने:
कसा आहे हो हा भाग?

मी तुला लाट्रिसची किल्ली दिली.
दाराला कुलूप उरलं नव्हतं,
नुसती प्लायवूडची फळी, तिच्यावर पालिकेची नोटीस,
गवत दहा इंचांच्या वर गेल्याबद्दल दंड.
तरी तू ती किल्ली खिशात ठेवलीस.
तेवढ्यासाठी मी तुला लिंबूपाणी दिलं.
लाट्रिस कुठे गेली, ते तू विचारलं नाहीस.
मलाही माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नऊ हजारांना विकलंस.
घेणारा ॲडलेडचा आहे, असं ऐकते.
नकाशात बघितलं मी ते, फार खाली आहे,
आपला उन्हाळा तेव्हा त्यांचा हिवाळा.
त्याला सांगणार कोण, गोठणं म्हणजे काय.

काल तोच पोरगा आला,
आता दाढी ठेवलीय त्याने.
फळी काढून दाराला पिवळा रंग दिलेला.
मी माझी खुर्ची उचलली, रस्ता ओलांडला,
आणि त्या पडवीत, दारासमोर, मधोमध बसले.
बाई, जरा बाजूला होता का?
ऊन इकडूनच चांगलं येतं, म्हटलं.

कापून टाकेल मला, माहीत आहे.
पण घाईत काम करतात ही पोरं.
एखाद्या कडेला
कोपर तरी राहील माझं.