ठराव क्रमांक सहा

स्टर्लिंग, नोव्हेंबर. भाड्याचा हॉल.
दाराशी पत्र्याच्या पिंपात त्रेपन्न ओल्या छत्र्या,
दर खेळाच्या महासंघाची एक.
आम्हाला कागदोपत्री शिखर संस्था म्हणतात,
पण शिखरावर कुणी राहत नाही,
आणि इथला हीटर दुपारपासून बंद आहे.

मी इतिवृत्त लिहिते. अठरा वर्षं झाली.

वर्षभर काय करता, असं विचारलंत
तर सामायिक विमा उतरवतो.
ओबानमध्ये शिंटीची काठी लागून
एका मुलीचे दोन दात पडतात,
तिच्या आईला रात्री फोनवर
"मिळतील पैसे, मिळतील" म्हणणारा आवाज माझा.
सरकारला पत्रं लिहितो.
सरकार पोच देतं.

ठराव सहावा: मतं सभासदसंख्येनुसार.
ज्याची डोकी जास्त, त्याचे हात जास्त.
पडद्यावर आलेख आला.
फुटबॉलचा खांब छताला टेकला,
रस्सीखेचीचा शोधावा लागला.
टॉरक्विल गेडिसने चष्मा पुसून शोधला.
अध्यक्ष तोच, खजिनदार तोच,
शिक्का खिशात, दोरखंड गाडीच्या डिकीत.
उठून म्हणाला,
"आमचा एकच खेळ असा,
ज्यात मागे सरकणारे जिंकतात.
बाकी तुम्ही ठरवा."
नौकानयनाच्या बाई पुटपुटल्या, "आमचाही."
कर्लिंगवाले हसले. मग सगळेच.
हसण्याची नोंद इतिवृत्तात होत नाही.

बाजूने सव्वीस. विरुद्ध सव्वीस.
उरला फुटबॉलने यंदा धाडलेला पोरगेला रूरी बखन,
कोटाच्या बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी.
त्याचा हात उठला,
खांद्यापर्यंत आला,
आणि कान खाजवून खाली गेला.

मी लिहिलं: एक तटस्थ.
समसमान मतांत ठराव पडतो,
हा नियम कुणी केला, कुणालाच आठवत नाही.

नंतर चहा, कोरडी बिस्किटं,
पिंपापाशी "ही माझी का तुमची" चाललेलं.
सगळे गेले.
तळाशी एक राहिली होती,
दोन काड्या मोडलेल्या,
मुठीवर गेडिसचं नाव.
खिडकीतून पाहिलं:
वाहनतळावर तो पोरगा
फुटबॉलच्या भल्या मोठ्या छत्रीत
त्याला डिकीपर्यंत सोडत होता,
स्वतःचा उजवा खांदा भिजवत.

पुढच्या सभेची विषयपत्रिका करायला घेतली.
शेवटी, "आयत्या वेळचे विषय"च्या वर,
पेन्सिलीने:
छत्री परत करणे.